आधी झाकण, मग बटण

आमच्या घरात टीव्ही बंद करण्याची एक रीत होती. आधी झाकण, मग बटण. आईनं जाड मांजरपाटाचं झाकण शिवलं होतं, त्यावर दोन मोर भरले होते आणि खालच्या कडेला नेफा करून त्यात नाडी ओवली होती. कार्यक्रम संपत आला की ती उठायची, चालू टीव्हीवरच झाकण चढवायची, नाडी ओढायची आणि मग कापडाखाली हात घालून चाचपत बटण दाबायची. तोवर मोरांच्या पोटातून निळसर उजेड झिरपत असायचा आणि आत कुणीतरी बोलत असायचं. चालू करताना हेच उलट क्रमानं. नव्या माणसाला हा प्रकार वेडेपणाचा वाटे. आम्हाला नाही. बंद टीव्हीची काच काळी असते, काळ्या काचेत समोर बसलेल्याचं तोंड दिसतं, आणि बाबांना स्वतःचं तोंड दिसलं की आमच्या घरात कुणाला तरी टाके पडायचे.

हे तोंड एके काळी फार देखणं होतं. आम्ही मूळचे झाडीपट्टीचे, पार पूर्वेकडच्या जंगलाच्या मुलखातले. तिकडं भाताची कापणी झाली की गावोगाव नाटकं होतात, आणि बाबा त्या नाटकांत नायक असायचे. आईनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मंडपात, तलवार घेऊन उभे असलेले. पुण्याला ते कारखान्यात नोकरीसाठी आले तेव्हा बिबवेवाडीतल्या बायकासुद्धा नळावर त्यांना वळून बघत, असं आई सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात अजून कौतुक असायचं, याचा मला राग येई. मी लहानपणी हुबेहूब बापावर गेले होते म्हणे. तेच नाक, तीच जिवणी. येणारा जाणारा म्हणायचा, "अगदी बापाचा छाप हो!" मग भट्टीवर ओतकाम चालू असताना वितळलेल्या धातूचा रस उडाला आणि बाबांची उजवी बाजू, कानापासून हनुवटीपर्यंत, गेली. त्यानंतर ते वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. एकदा दूधवाल्यानं सवयीनं उच्चारलं, तर आईनं त्याच्या अंगावर तांब्या फेकला. मी बापासारखी दिसते की नाही, हे मला फार जाणून घ्यायचं होतं. सांगणारं कुणी नव्हतं, आणि बघायला आरसा नव्हता.

आरसा बाबांनी इस्पितळातून आल्या दिवशीच फोडला. मग त्यांना कळलं, की घर आरशांनी भरलेलं आहे. स्टीलचं ताट, पेल्याचं बूड, खिडकीची काच, बादलीतलं पाणी. खिडक्यांना आईनं वर्तमानपत्र चिकटवलं. नवं भांडं आलं की ती ओट्यामागं बसून ते जाड वाळूनं घासायची, चमक जाईपर्यंत, आणि तो खरखर आवाज माझ्या बालपणाचा आवाज आहे. अजूनही कुणी भांडं खरडलं की माझे खांदे आपोआप वर जातात. एकदा पाहुण्यांकडून आलेला एक पेला घासायचा राहून गेला. बाबांनी चहा संपवला, पेला वाकडा केला, आत पाहिलं आणि आईचा हात उंबऱ्यावर ठेवून त्याच पेल्यानं तिची बोटं ठेचली. करंगळी पुढं कधी सरळ झाली नाही. कारखान्यानं त्यांना रात्रपाळीला गोदामावर बसवलं होतं, म्हणजे ते अंधारात जायचे आणि दिवसभर घरात असायचे. आम्ही पावलं न वाजवता चालायचो, भांडं न वाजवता घासायचो, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचो. तरी पट्टा निघायचाच. पट्ट्याला कारण लागतं असं मला लहानपणी वाटायचं. मग कळलं, की कारण नंतर शोधलं तरी चालतं.

आई कुंकू अंदाजानं लावायची. ते कधी डाव्या भुवईवर जायचं, कधी केसांत. शेजारच्या पानसे काकू, ज्या जागेच्या भांडणातून कसबा पेठ सोडून इकडं आल्या होत्या आणि बिबवेवाडी ही कसबा पेठ नाही याबद्दल बिबवेवाडीला त्यांनी कधी क्षमा केली नाही, त्या आईला दारातच थांबवून म्हणायच्या, "अहो, आज कुंकू कपाळाला निघालं होतं, स्वारगेटलाच उतरलं वाटतं." आणि पदराच्या टोकानं ते नीट करायच्या. आईच्या गालावरचे वळ त्यांना दिसत नसत असं नाही. ते त्या पुसायला जात नसत, एवढंच. मी आज त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे आणि तरी मला त्यांचा हा हिशेब कळलेला नाही.

टीव्ही बाबांनी आणला. दिवसभर माणूस करणार काय? आळीत आमच्या रांगेत तो एकच टीव्ही होता, त्यामुळे रविवारी दुपारी सगळी रांग आमच्याकडं. बाबांना ही गर्दी नको असायची आणि हवीही असायची, कारण एके काळी त्यांच्यासमोर याहून मोठी गर्दी बसत असे. त्यांनी तोड काढली होती. ते सगळ्यांच्या पुढं, टीव्हीपासून हातभर अंतरावर, पाटावर बसायचे, गर्दीकडं पाठ करून. लोकांना त्यांची मान दिसायची, तोंड नाही. मान अजून नायकाचीच होती. मी त्यांच्या डाव्या हाताला, चांगल्या बाजूला. कारण रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतले चित्रपट लागत, खाली इंग्रजीत ओळी येत, आणि रांगेत त्या वेगानं इंग्रजी वाचणारी मी एकटी होते. मी ओळ वाचायची आणि मराठीत मोठ्यानं सांगायची. बंगाली, मल्याळी, तमिळ, सगळी माणसं आमच्या खोलीत माझ्या आवाजात बोलायची. बाबा हा एवढा वेळ माझ्यावर खूश असत. "थोडं मोठ्यानं बोल नं," म्हणत, "मागं ऐकू गेलं पायजे." हे त्यांचं रंगमंचावरचं ज्ञान होतं.

पुढं पुढं मी त्या माणसांच्या तोंडी माझी वाक्यं घालू लागले. पहिल्यांदा एका बंगाली नवऱ्यानं बायकोच्या कानाखाली मारली आणि खाली ओळ आली की जेवण वाढ. मी सांगितलं, "तो म्हणतोय, माझं चुकलं, पुन्हा नाही मारणार." कुणाला काही कळलं नाही. मग मला चटकच लागली. आमच्या खोलीत देशभरचे नवरे रविवारी दुपारी बायकांची क्षमा मागू लागले. पानसे काकू एकदा म्हणाल्या, "बंगाली पुरुष फारच मऊ दिसतात हो. आमच्याकडं नाही एवढं." आई मागच्या भिंतीशी बसून डाळ निवडायची आणि एकदाही हसायची नाही. तिला कळत होतं असं मला वाटतं.

त्या रविवारी तमिळ चित्रपट होता. आदल्या दिवशी आईला फार मार बसला होता. बाबा झोपलेले असताना तिच्या हातातून झारा पडला, एवढंच. त्यांनी तिचं डोकं पाट्यावर आपटलं, एकदा नाही, आणि मी दारात उभी राहून तो आवाज ऐकला. दगडावर नारळ आपटताना असा आवाज होत नाही. ओला आवाज होता तो. रविवारी सकाळी ती डोक्याला फडकं बांधून त्याच पाट्यावर गोळाभातासाठी हरभऱ्याची डाळ वाटत बसली. गोळाभात बाबांना आवडायचा. भातात शिजलेले डाळीचे गोळे, वरून लसणाचं गरम तेल. तिचा एक डोळा सुजून मिटला होता आणि दुसऱ्यानं ती वरवंट्याकडं बघत होती. मी म्हणाले, "आई, आपण जाऊ या कुठंतरी." ती म्हणाली, "कुठं जातं बाई? असं तोंड घेऊन?" तेव्हा मी ठरवलं, की आज बोलायचं. माझ्या तोंडानं बोलायची छाती नव्हती. तमिळ मुलीच्या तोंडानं होती.

चित्रपटातलं कुटुंब एक छोटी खानावळ चालवायचं. थोरल्या मुलीच्या तोंडावर कोडाचे पांढरे डाग होते, आणि गिऱ्हाईक आलं की बाप तिला आत चुलीशी पाठवायचा. लग्नकार्यात, फोटोत, देवळात, सगळीकडं ती मागं. मुलगी सुंदर रांधायची आणि तिच्या हातचं खाऊन लोक बापाची स्तुती करायचे. मग धाकटीला बघायला पाहुणे येतात आणि बाप थोरलीला कोठीत कोंडून बाहेरून कडी घालतो. आमची खोली गच्च भरली होती. उजेडासाठी आणि हवेसाठी दार उघडं टाकलं होतं. घरमालक तात्या, ज्यांच्या जुन्या शेतावर या खोल्या उभ्या होत्या, ते उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होते. बाबा पाटावर ताठ बसलेले. मुलीला कोंडल्यावर त्यांचा श्वास जोरात चालू झाला, तो मला ऐकू येत होता.

मुलगी कडी मोडून बाहेर येते. पाहुण्यांच्या मधून चालत बापासमोर उभी राहते. पडद्यावर फक्त तिचं तोंड, सगळ्या डागांसकट. ती काहीतरी बोलली. खाली ओळ आली. मी ओळ वाचली आणि बाजूला ठेवली. मी म्हणाले, "बाबा, तुमचं तोंड गेलं त्यात आईनं काय केलं? तिनं तुम्हाला भट्टीवर पाठवलं नव्हतं. तुम्ही तिला मारता कारण ती तुम्हाला अजून बघते, आणि बाकी कुणी बघत नाही. यापुढं तिच्या अंगाला हात लावलात तर मी तुमचे हात तोडीन. झोपेत तोडीन. मी तुमचीच मुलगी आहे, मला जमेल."

तात्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. आईच्या सुपातली डाळ थांबली. बाबांनी पडद्यावरून नजर न काढता, अगदी सावकाश विचारलं, "इतकं लिवलं आहे तिथं? अक्षरं तं एवढुशी होती."

तेवढ्यात वीज गेली. मुलीचं तोंड आत ओढल्यासारखं नाहीसं झालं आणि काच काळी झाली. मागून दारातून भर दुपारचा उजेड येत होता. काचेत बाबा दिसले, हातभर अंतरावरून, पूर्ण. वितळलेला कान, खाली ओढलेला डोळा, ओठ नसलेला ओठाचा कोपरा. आणि त्यांच्या मागं, ओळीनं, आम्ही सगळे, त्यांच्याकडं बघणारे. इतकी वर्षं कुणी त्यांच्या मानेपलीकडं गेलं नव्हतं. आई झाकण घेऊन उठायला हवी होती. ती उठली नाही. आणि पानसे काकू, पुण्यात वीज गेल्यावर माणूस जे म्हणतो ते सवयीनं म्हणाल्या, "गेले लाइट. आता काय, एकमेकांची तोंडं बघत बसायचं?"

बाबा उठले. दोन पावलांत पाट्यापाशी गेले, डाळीनं माखलेला वरवंटा उचलला आणि टीव्हीवर फेकला. चित्रनळी फुटते तेव्हा काच आधी आत जाते आणि मग बाहेर येते. मोठा बार झाला. मला वाटलं कुणीतरी माझ्या तोंडावर गरम पाणी मारलं. हात लावला तर हाताला काच लागली आणि बोटं आत गेली. माणसं एकमेकांना तुडवत दाराबाहेर पळाली, कुणाचं तरी मूल किंचाळत होतं. बाबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी आईचे केस धरले, फडक्यासकट, आणि तिला काचांवरून ओढत टीव्हीसमोर आणलं. "झाकलं काहून नाही?" ते ओरडत होते. "झाकलं काहून नाही तू?" प्रत्येक शब्दाला एक लाथ. तिच्या बरगडीचा आवाज मी ऐकला. मी एका डोळ्यानं बघत होते, दुसऱ्यात रक्त होतं. ती ओरडत नव्हती. ती जमिनीवर हातानं काहीतरी चाचपत होती, जसं ती बटण चाचपायची.

तिला झाकण सापडलं. बाबा पुन्हा लाथ मारायला वाकले तेव्हा तिनं ते त्यांच्या डोक्यावरून घातलं, टीव्हीवर घालायची तसंच, दोन्ही हातांनी, कोपरे सारखे करून, आणि नाडी ओढली. बाबा मागं पडले. ती त्यांच्या छातीवर बसली आणि नाडीचे दोन पदर दोन मुठींना गुंडाळून ओढत राहिली. मोर गळ्याशी गोळा झाले. कापड तोंडापाशी आत जायचं आणि बाहेर यायचं. बाबांच्या टाचा काचांवर आपटत होत्या, आणि आई, जिला मी कधी मोठ्यानं बोललेलं ऐकलं नव्हतं, ती अगदी शांतपणे म्हणत होती, "झाकलं. घ्या, झाकलं. आता तं दिसत नाई नं? झाकलं."

लोक मला विचारतात, तू मधे का पडली नाहीस? मी पडले नाही. टाचा हळू होत होत्या आणि मी त्यांच्याकडं बघत होते, आणि मला हवं होतं की त्या थांबाव्यात. आज माझं वय झालं, रक्तदाबाची गोळी चालू आहे, नातवंडांसमोर मी मुंगी मारत नाही. तरी ती दुपार पुन्हा आली तर मी तशीच बसून राहीन. तात्या परत आत आले आणि त्यांनी आईला काखेत धरून उचललं. "आगं बाई, मरंल त्यो! सोड! फासावर जाशील!" नाडी तिच्या तळहातात इतकी रुतली होती, की ती कात्रीनं कापावी लागली. तात्यांनी झाकण काढलं. बाबांचं तोंड जांभळं होतं, दोन्ही बाजूंनी सारखं. "जित्ता हाय," तात्या म्हणाले. आई उठली, पायात चपला घातल्या, मला धरलं आणि बाहेर पडली. त्या घरात ती पुन्हा गेली नाही.

इस्पितळात टाके घालून झाल्यावर नर्सनं कौतुकानं माझ्या हातात आरसा दिला. माझं तोंड मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते असं, भुवईपासून हनुवटीपर्यंत काळ्या दोऱ्यानं शिवलेलं. उजवी बाजू. आई मागं उभी होती. आरशात तिनं स्वतःलाही पाहिलं असणार, मिटलेला डोळा, फडकं, सगळं. ती एवढंच म्हणाली, "कुंकू वाकडं आहे." आणि ते पुसून टाकलं. पुन्हा लावलं नाही. पुढं आम्ही कसब्यात राहिलो. ती एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानात घागरी उजळायचं काम करायची, चिंच आणि मीठ लावून, तोंड दिसेपर्यंत. मी शिकले, शाळेत इंग्रजी शिकवलं, लग्न केलं, व्रण घेऊनच केलं. आई माझ्या घरी, झोपेत गेली.

बाबा तात्यांच्या खोलीतच राहिले. मग तात्यांच्या मुलानं तिथं इमारत बांधायला काढली आणि एका सकाळी बाबांना रिक्षात घालून माझ्या दारात आणून सोडलं. मी त्यांना आणलं नाही. त्यांना परत पाठवलं नाही, एवढंच. तोवर त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. आमच्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत आणि फिरायला जाताना ते त्यात मधोमध उभे असतात, ताठ मान करून. मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांची डावी बाजू सुरकुत्यांनी भरली आहे. भाजलेल्या कातडीला सुरकुत्या पडत नाहीत, त्यामुळे आता तीच बाजू तरुण दिसते.

परवा माझ्या नातीनं तिच्या फोनवर कुठूनतरी तो चित्रपट काढला. मी तिला कधी गोष्ट सांगितली असेल, पुढचा भाग गाळून. तिनं फोन टेबलावर लावला आणि क्लासला गेली. खानावळ तीच, खाली ओळी त्याच. मी आवाज बंद करणार होते, पण बाबा खुर्चीतून म्हणाले, "राहू दे. वाच."

मी वाचत गेले. कडी मोडली, मुलगी बाहेर आली, बापासमोर उभी राहिली. मी थांबले.

"आता सांग," बाबा म्हणाले. "खरं काय म्हणते ते?"

"बाबा, एकदा माझ्याकडे बघा," मी वाचलं. "एवढंच."

त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवलं. जरा चुकलं, माझ्या खांद्याकडं गेलं. मग त्यांनी विचारलं, जे त्यांनी मला उभ्या आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. "कशी दिसतं तू?"

मनात आलं, खोटं सांगावं. वाक्यं बदलायची सवय मला होतीच. नाक तेच आहे. जिवणी तीच आहे. उजवी बाजू भुवईपासून हनुवटीपर्यंत गेलेली आहे.

"तुमच्यासारखी," मी म्हणाले.

त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. मी पुढं झुकले नाही. थोड्या वेळानं त्यांनी तो परत खाली ठेवला.

"पुढचं वाच," ते म्हणाले, आणि मी वाचू लागले, जसं लिहिलं होतं तसं.